लेटरहेडचा टेम्प्लेट करायचाय? आधी काय किती वेळा बदलतं ते बघा

तुमची अडचण मला कळली ती अशी. डिझायनरने लेटरहेड पीडीएफमध्ये दिलं. तुम्ही त्याचं चित्र करून वर्डच्या पानावर पसरवलं. आता टाइप करताना ते चित्र सरकतं, पत्र दुसऱ्या पानावर गेलं की तिथे लेटरहेड येतच नाही, आणि फोन नंबर बदलल्यामुळे आख्खं चित्रच बाद झालंय. बाकीचे सहकारी जुनं पत्र उघडतात, मजकूर पुसतात आणि त्यावरच नवं पत्र लिहितात. तुम्हाला सगळ्यांना भरता येईल आणि पुढे बदलता येईल असा टेम्प्लेट हवाय, पण तो कुणाच्या हातून बिघडायलाही नको.

बदलता यावं आणि बिघडू नये, या दोन्ही गोष्टी एकत्र मिळतात. त्यासाठी वर्ड उघडण्याआधी एक काम करा. लेटरहेडवरच्या आणि पत्रातल्या प्रत्येक गोष्टीपुढे ती किती वेळा बदलते ते लिहा. तारीख, जावक क्रमांक, प्रति, विषय, सही करणाऱ्याचं नाव हे दर पत्राला बदलतं. फोन, ईमेल, पत्ता, पदाधिकाऱ्यांची नावं हे वर्षा-दोन वर्षांनी कधीतरी. बोधचिन्ह जवळपास कधीच नाही. कार्यालयांसाठी असे नमुने करून देताना मी कायम याच यादीपासून सुरुवात करतो, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यातून निघतात. दर पत्राला बदलणारं पानाच्या मुख्य भागात जातं, क्वचित बदलणारं हेडर-फूटरमध्ये (पानाच्या माथ्याची आणि तळाची पट्टी) टाइप केलेला मजकूर म्हणून, आणि चित्र म्हणून फक्त बोधचिन्ह. तुमच्या सध्याच्या फाइलमध्ये हे तिन्ही थर एकाच चित्रात चिकटलेत. सगळा त्रास तिथून सुरू होतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमच्याकडे आधीच छापलेले लेटरहेडचे कागद असतील आणि पत्रं त्यांवरच काढायची असतील, तर टेम्प्लेटमध्ये बोधचिन्ह-पत्ता नकोच; तेवढी जागा मोकळी सोडायची, आणि पेज सेटअपच्या 'पेपर' टॅबमध्ये पहिलं पान एका ट्रेमधून आणि उरलेली दुसऱ्या ट्रेमधून घ्यायला सांगायचं. पत्रं बहुतेक ईमेलने पीडीएफ होऊन जात असतील तर सगळं टेम्प्लेटमध्येच हवं. तुमच्या वर्णनावरून मी दुसरा प्रकार धरून चाललोय. मेनूची नावं विंडोजवरच्या अलीकडच्या वर्डमधली देतो. लिब्रेऑफिस आणि गूगल डॉक्सचं शेवटी थोडक्यात सांगतो.

सुरुवात बोधचिन्हापासून. पीडीएफ वर्डमध्ये उघडून त्यातून लेटरहेड काढायचा मोह टाळा. वर्ड २०१३ पासून पीडीएफ उघडता येते खरी, पण अशा मांडणीच्या पानाचे टेक्स्टबॉक्स आणि तुकडे होतात, आणि ते निस्तरण्यापेक्षा नव्याने बांधणं सोपं पडतं. डिझायनरकडे नुसतं बोधचिन्ह एसव्हीजी स्वरूपात मागा. अलीकडचा वर्ड ते थेट घेतो आणि कितीही मोठं केलं तरी कडा फाटत नाहीत. ते नसेल तर पारदर्शक पार्श्वभूमीचं पीएनजी चालेल. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल हा नेहमीचा हिशेब, म्हणजे ३ सेंटिमीटर रुंद बोधचिन्हाला साधारण ३५० पिक्सेल रुंदी पुरते. मी दुप्पट घेतो. त्याचबरोबर फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड इथे 'इमेज साइझ अँड क्वालिटी' या भागात 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल' ही खूण करून ठेवा. नाहीतर सेव्ह करताना वर्ड चित्र आवळू शकतो, आणि मग छापील पत्रावर बोधचिन्ह धूसर दिसलं की दोष प्रिंटरला जातो. संस्थेच्या रंगाचे आरजीबी किंवा हेक्स (पडद्यावरच्या रंगांचे) आकडेही त्याच वेळी मागून घ्या. छापखान्याचे सीएमवायके आकडे वर्डच्या रंगांच्या खिडकीत टाकता येत नाहीत.

आता पानाची मापं. ए४ म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. पेज सेटअपमध्ये हा आकार निवडलाय याची खात्री करा, कारण वर्डच्या बऱ्याच प्रती 'लेटर' आकारावर उघडतात. ते पान थोडं रुंद आणि जवळजवळ १८ मिलिमीटर आखूड असतं, त्यामुळे तळाचा मजकूर कापला जातो किंवा सगळं पान आक्रसून छापलं जातं. डावी-उजवी समासाची जागा प्रत्येकी २.५ सेंटिमीटर ठेवा, मग मजकुराला १६ सेंटिमीटर रुंदी उरते. डिझाइनमध्ये कागदाच्या कडेपर्यंत जाणारी रंगीत पट्टी असेल तर ती सोडून द्या असंच मी सुचवेन. कार्यालयातले बहुतेक प्रिंटर कडेचे काही मिलिमीटर छापतच नाहीत, आणि पट्टीभोवती पांढरी किनार राहून ती अर्धवट दिसते.

मुख्य बांधणी हेडरमध्ये. पानाच्या वरच्या कोऱ्या भागावर दोनदा क्लिक केलं की हेडर उघडतो. वरच्या पट्टीत 'डिफरंट फर्स्ट पेज' हा चौकोन दिसेल, त्यावर सगळ्यात आधी खूण करा. यामुळे पहिल्या पानाचा हेडर वेगळा होतो आणि दुसऱ्यापासून पुढच्या पानांचा वेगळा. तुमच्या दुसऱ्या पानाच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे, आणि पानभर चित्र टाकण्याच्या पद्धतीत नेमकी हीच सोय नसते.

पहिल्या पानाच्या हेडरमध्ये एक ओळ आणि दोन रकान्यांचं टेबल घाला: डावा रकाना ३.५ सेंटिमीटर, उजवा १२.५. डावीकडे बोधचिन्ह 'इन लाइन विथ टेक्स्ट' ठेवून, उजवीकडे नाव आणि पत्ता. टेबलाच्या सगळ्या बॉर्डर काढून टाका. स्पेसबार किंवा टॅब मारमारून नाव उजवीकडे ढकलू नका. फॉन्ट बदलला की ते सगळं विस्कटतं, टेबल मात्र जागेवर राहतं. टेबल प्रॉपर्टीजमध्ये ओळीची उंची ३ सेंटिमीटर, 'एक्झॅक्टली' करून ठेवा. टेबलाखाली वर्ड एक रिकामा परिच्छेद ठेवतोच, तो पुसता येत नाही. त्याचाच उपयोग करा: त्याला खालची बॉर्डर द्या, संस्थेचा रंग द्या, की लेटरहेडखालची रेघ तयार. काढलेल्या रेघेपेक्षा ही बरी, कारण ती समासाबरोबर आपोआप लांब-आखूड होते आणि कुणी चुकून ओढून नेऊ शकत नाही.

इथे वर्डची एक सवय माहीत असायला हवी. हेडर वरच्या समासापेक्षा उंच झाला तर वर्ड खालचा मजकूर आपोआप खाली ढकलतो. म्हणून वरचा समास दुसऱ्या पानाला शोभेल एवढाच, २.५ सेंटिमीटर ठेवा, आणि 'हेडर फ्रॉम टॉप' १.२ सेंटिमीटर. पहिल्या पानावर १.२ आणि ३ मिळून ४.२ सेंटिमीटर होतात, त्याखाली रेघेचा परिच्छेद, आणि मग पत्र सुरू होतं. दुसऱ्या पानावर हेडर एका ओळीचा असल्याने मजकूर २.५ सेंटिमीटरवर सुरू होतो. पत्राच्या सुरुवातीला एंटर मारून जागा सोडायची गरज उरत नाही. पानाच्या मुख्य भागात लेटरहेडसाठी एकही रिकामी ओळ शिल्लक असेल तर टेम्प्लेट अजून पुरा झालेला नाही असं समजा.

हेडर बंद करून खाली टाइप करायला लागलात की बोधचिन्ह आणि पत्ता फिकट दिसतील. हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी विचारला जातो. फिकेपणा फक्त पडद्यावर असतो. छपाईत आणि पीडीएफमध्ये रंग पूर्ण येतात.

फोन आणि ईमेलसाठी आणखी एक सोय आहे, ती फारशी वापरली जात नाही. इन्सर्ट, क्विक पार्ट्स, डॉक्युमेंट प्रॉपर्टी या यादीत 'कंपनी', 'कंपनी फोन', 'कंपनी ई-मेल', 'कंपनी ॲड्रेस' अशी घरं असतात. फोन नंबर हेडरमध्ये नुसता टाइप करण्याऐवजी हे घर टाका आणि त्यात नंबर भरा. तेच घर फूटरमध्ये किंवा सहीखाली पुन्हा टाकलं तर एका ठिकाणी नंबर बदलल्यावर बाकीच्या ठिकाणी आपोआप बदलतो. वर नवा नंबर आणि खाली जुना, अशी पत्रं मग जात नाहीत.

आता दुसऱ्या पानाचा हेडर. तिथे संस्थेचं नाव लहान अक्षरांत आणि पान क्रमांक एवढं पुरे. क्रमांक नुसता '२' न ठेवता 'पान २ / ३' असा ठेवा. त्यासाठी 'पेज' आणि 'नमपेजेस' ही दोन फील्ड, म्हणजे वर्ड स्वतः भरतो अशा जागा, लागतात. सुटी पानं फाइलला लागतात तेव्हा याची किंमत कळते. पत्र कुणाला लिहिलंय तेही त्या हेडरमध्ये यावं असं वाटत असेल तर मुख्य भागातल्या प्राप्तकर्त्याच्या नावाला स्वतःची एक स्टाइल (नाव देऊन साठवलेली अक्षरांची मांडणी) द्या, समजा 'प्राप्तकर्ता', आणि हेडरमध्ये 'स्टाइलरेफ' फील्ड घालून ती स्टाइल निवडा. वर नाव लिहिलं की ते पुढच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर स्वतःहून येतं.

फूटरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एवढंच लक्षात ठेवा की 'डिफरंट फर्स्ट पेज' फूटरलाही लागू होतं, त्यामुळे दोन्ही पानांचे फूटर वेगवेगळे भरावे लागतात. ईमेल आणि वेबसाइट टाइप केल्यावर वर्ड त्यांची निळी, अधोरेखित लिंक करतो. पीडीएफमध्ये ती उपयोगी पडते, म्हणून लिंक राहू द्या आणि फक्त रंग व अधोरेखा बदला.

पत्राच्या मुख्य भागात कंटेंट कंट्रोल, म्हणजे मजकूर भरायच्या चौकटी, वापरायच्या. त्यासाठी आधी फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन इथून 'डेव्हलपर' टॅब दाखवायला सांगा. जावक क्रमांक, प्रति, विषय यांच्यासाठी साधे टेक्स्ट कंट्रोल ठेवा. प्रत्येकाच्या प्रॉपर्टीजमध्ये नाव द्या आणि 'कंटेंट कंट्रोल कॅनॉट बी डिलीटेड' यावर खूण करा. डिझाइन मोड चालू करून आतला सूचनेचा मजकूर मराठीत लिहा: 'इथे विषय लिहा', 'प्राप्तकर्त्याचं नाव आणि हुद्दा'. ही सूचना आहे तशी राहिली तर छापूनही येते, त्यामुळे काय भरायचं राहिलंय ते पाठवण्याआधी लगेच नजरेला पडतं. 'विषय', 'संदर्भ', 'आपला विश्वासू' हे ठरलेले शब्द कंट्रोलच्या बाहेर, साध्या मजकुरात ठेवा.

मुख्य मजकुराच्या जागी मात्र कंट्रोल घालू नका. तिथे लोकांना तक्ते, मुद्दे, चिकटवलेला मजकूर असं काहीही लागतं. साध्या टेक्स्ट कंट्रोलमध्ये तक्ता बसत नाही, आणि मग लोक पुन्हा जुन्या पत्राकडे वळतात.

तारखेवर जरा थांबतो, कारण टेम्प्लेटमधली सगळ्यात महागात पडणारी गोष्ट तीच आहे. 'इन्सर्ट, डेट अँड टाइम'मध्ये 'अपडेट ऑटोमॅटिकली' अशी खूण असते आणि ती करावीशी वाटतेच. त्याने 'डेट' हे फील्ड तयार होतं, आणि ते कायम आजची तारीख दाखवतं. मार्चमध्ये पाठवलेलं पत्र ऑगस्टमध्ये पुन्हा उघडलं की त्यावर ऑगस्टची तारीख येते. तुमच्याकडची प्रत आणि समोरच्याकडची प्रत जुळत नाही, आणि पत्र केव्हा पाठवलं हाच वादाचा मुद्दा असेल तर ती फाइल पुरावा म्हणून कुचकामी ठरते. याला दोन पर्याय आहेत. एक म्हणजे क्विक पार्ट्स, फील्ड या यादीतलं 'क्रिएटडेट': टेम्प्लेटवरून नवं पत्र तयार झालं त्या दिवसाची तारीख ते घेतं आणि तीच फाइल नंतर उघडली तरी बदलत नाही. दुसरा म्हणजे 'डेट पिकर' कंट्रोल, ज्यात लिहिणारा स्वतः तारीख निवडतो. पत्र आज लिहून सही दोन दिवसांनी होत असेल तर मी दुसरा पर्याय घेतो, कारण तारीख सहीच्या दिवसाची हवी असते. डेट पिकरच्या प्रॉपर्टीजमध्ये भाषा आणि तारखेचा नमुनाही ठरवता येतो.

जावक क्रमांक आपोआप वाढता ठेवायचा विचार असेल तर त्याला मॅक्रो (फाइलमध्येच ठेवलेला छोटा प्रोग्रॅम) लागतो, आणि मॅक्रो असलेल्या फाइलला बऱ्याच ठिकाणी सुरक्षेच्या सूचना येतात किंवा ती उघडतच नाही. क्रमांक जावक नोंदवहीतून घेऊन हाताने भरणंच मला जास्त भरवशाचं वाटतं.

फॉन्टचा विषय मराठी पत्रांत टाळून चालत नाही. लेटरहेडवर देवनागरी असेल तर युनिकोड फॉन्टच वापरा; युनिकोड म्हणजे सगळ्या संगणकांनी अक्षरं ओळखायची एकच समान पद्धत. निर्मला यूआय, मंगल, कोकिळा यांपैकी एखादा विंडोजवर बहुधा सापडतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं नाव दुसऱ्याच्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरं होऊन उघडतं. युनिकोड असेल तर फार तर वळण बदलतं, नाव वाचता येतं. दुसरी गोष्ट म्हणजे वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' समजतो आणि तिचा फॉन्ट व आकार वेगळा साठवतो. 'नॉर्मल' स्टाइलवर उजवं क्लिक, मॉडिफाय, फॉरमॅट, फॉन्ट असं गेलात की खाली 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'चा स्वतंत्र भाग दिसेल. दिसला नाही तर ऑफिसच्या भाषांमध्ये आधी मराठी जोडा. दोन्ही भाग भरा. एकाच वाक्यात मराठी अक्षर मोठं आणि इंग्रजी लहान येतं, ते बहुतेक वेळा हाच भाग भरलेला नसल्यामुळे. ओळींमधलं आणि परिच्छेदानंतरचं अंतरही याच स्टाइलमध्ये ठरवा. पत्त्याच्या ओळींसाठी अंतर नसलेली वेगळी स्टाइल ठेवा, नाहीतर पत्त्याची प्रत्येक ओळ सुटी सुटी दिसते. टेम्प्लेट अनेक संगणकांवर जाणार असेल तर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' ही खूण करा. फॉन्टचा परवाना तशी मुभा देत असेल तरच हे चालतं.

सेव्ह करताना 'सेव्ह ॲज टाइप'मध्ये 'वर्ड टेम्प्लेट' निवडा. फाइलचं शेपूट डीओटीएक्स होतं. वर्ड स्वतःच 'कस्टम ऑफिस टेम्प्लेट्स' या फोल्डरकडे नेतो. तिथे ठेवलेला टेम्प्लेट फाइल, न्यू, 'पर्सनल' इथे दिसतो. तुमच्या सहकाऱ्यांची सवय मोडते ती इथे. डीओटीएक्स फाइलवर दोनदा क्लिक केलं की मूळ फाइल उघडत नाही, तिच्यावरून बिननावाचं नवं पत्र तयार होतं. मागच्या पत्राचा जावक क्रमांक, आधीच्या माणसाचं नाव, राहून गेलेल्या ट्रॅक चेंजेस (दुरुस्तीच्या खुणा) असलं काही त्यात येऊच शकत नाही. सगळ्यांसाठी एकच प्रत सामायिक फोल्डरमध्ये ठेवायची असेल तर ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, फाइल लोकेशन्समध्ये 'वर्कग्रुप टेम्प्लेट्स'ला त्या फोल्डरचा रस्ता द्या, आणि त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी एकाच माणसाकडे ठेवा. त्याला मूळ टेम्प्लेट दुरुस्त करायचा झाला तर उजवं क्लिक करून 'ओपन'. टेम्प्लेट बदलला तरी आधीच्या पत्रांचे हेडर बदलत नाहीत, आणि ते योग्यच आहे. जुन्या पत्रावर त्या वेळचाच पत्ता असायला हवा.

कुलूप लावावं का? 'रिस्ट्रिक्ट एडिटिंग'मध्ये 'फिलिंग इन फॉर्म्स' निवडलं तर फक्त कंट्रोल भरता येतात, पण मग रिबनवरच्या (वर्डच्या वरच्या पट्टीतल्या) बऱ्याच सोयीही बंद पडतात आणि मोकळं पत्र लिहिणं जिकिरीचं होतं. ठरलेल्या नमुन्याच्या दाखल्यांसाठी ते ठीक. पत्रासाठी मी ते लावत नाही. हेडरमध्ये जायला मुद्दाम दोनदा क्लिक करावं लागतं, कंट्रोल पुसता येत नाहीत आणि मूळ फाइल परवानगीने सुरक्षित आहे. एवढं संरक्षण पुरतं.

लिब्रेऑफिसमध्ये हेच काम पेज स्टाइलने होतं: पहिल्या पानाला 'फर्स्ट पेज' स्टाइल द्यायची, तिची पुढची स्टाइल 'डिफॉल्ट पेज स्टाइल' ठेवायची, दोघींचे हेडर वेगळे भरायचे आणि फाइल, टेम्प्लेट्समधून टेम्प्लेट म्हणून साठवायचं. गूगल डॉक्समध्ये पहिल्या पानाचा वेगळा हेडर मिळतो. तिथे फाइल फक्त बघण्यापुरती शेअर करून, लिंकमधल्या 'एडिट'पासून पुढचा भाग काढून त्या जागी 'कॉपी' लिहून पाठवली, तर उघडणाऱ्याला स्वतःची प्रत करण्याचा पर्याय येतो. वर्डमधले सगळे कंट्रोल आणि 'स्टाइलरेफ' तिथे मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका.

सगळ्यांना वाटण्याआधी टेम्प्लेटवरून तीन पानी पत्र बनवा. मजकूर कसलाही चालेल, फक्त त्यात एक तक्ता आणि दुसरीकडून चिकटवलेला एक परिच्छेद हवा. ते ज्या प्रिंटरवर रोज पत्रं निघतात त्यावर छापा, पीडीएफ करून फोनवर उघडा, आणि ज्या संगणकावर तुमचा फॉन्ट नाही तिथे डीओटीएक्स उघडून बघा. मग ज्या सहकाऱ्याला यातलं काहीही सांगितलेलं नाही, त्याच्यापुढे फाइल ठेवा आणि एक पत्र लिहायला सांगा. तो जिथे अडेल तिथली सूचना बदला.